दोऱ्यावरचे खडे

खडीसाखर करताना दाट पाकात दोरा सोडतात आणि खडे त्याला धरतात. लंडनचे डॉक्टर आल्फ्रेड गॅरॉड यांनी १८५४ मध्ये हीच युक्ती रक्तावर केली. पसरट काचेच्या बशीत रुग्णाच्या रक्तातले सीरम, त्यात अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचे थोडे थेंब आणि लिननचा एक धागा. एकदोन दिवसांत धाग्यावर यूरिक अ‍ॅसिडचे स्फटिक धरले की गाऊट या सांधेविकाराची खूण पटली. हे अ‍ॅसिड रसायनशास्त्रज्ञ शेले यांनी १७७६ मध्येच मूतखड्यातून वेगळे काढले होते; गॅरॉड यांची मोठी कमाई अशी, की दुखऱ्या अंगठ्यावरून त्यांनी नजर मूत्रपिंडाकडे वळवली. थायरॉइडची कुळी मात्र दुसऱ्याच घरातली. विल्यम गल यांनी १८७३ मध्ये सुजलेल्या, मंदावलेल्या प्रौढ स्त्रियांचे वर्णन केले आणि १८७८ मध्ये विल्यम ऑर्ड यांनी थायरॉइड मंदावल्याने येणाऱ्या त्या अवस्थेला मिक्सिडीमा हे नाव दिले. गाऊट खाऊनपिऊन सुखी पुरुषांचा, मिक्सिडीमा बायकांचा. अशा समजुतीत एकाच देहात दोन्ही शोधायला कोण जाणार? माझ्या मते थायरॉइड आणि यूरिक अ‍ॅसिड यांची सोयरीक उशिरा जुळली ती यामुळेच. मिक्सिडीमाच्या रुग्णांतील वाढलेल्या यूरिक अ‍ॅसिडवर लीपर आणि सहकाऱ्यांचा निबंध आला तो १९६० मध्ये.

दोन्ही विकार घरोघरी सापडतात, मग हा योगायोग कशावरून नाही? शंका रास्त आहे. वजन, वय, आधीच थकलेले मूत्रपिंड यांचाही वाटा असतोच. पण थायरॉइडचे संप्रेरक घटले की हृदय मंदावते, मूत्रपिंडाकडे जाणारे रक्त कमी होते आणि गाळण्याचा वेग उतरतो. यूरिक अ‍ॅसिडचा सुमारे दोन तृतीयांश भाग याच वाटेने बाहेर पडतो, त्यामुळे तो रक्तात तुंबतो. मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिनही सोबत चढते. थायरॉइडच्या संप्रेरकाची गोळी, लेव्होथायरॉक्सिन, सुरू केल्यावर पुष्कळ जणांत हे आकडे पुन्हा उतरतात. नुसता योगायोग गोळीने उतरला नसता. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: अतिसक्रिय थायरॉइडमध्येही यूरिक अ‍ॅसिड वाढलेले आढळते, ते कसे? तिथे पेशींची उलाढालच वाढते आणि ज्यातून यूरिक अ‍ॅसिड बनते त्या प्युरिनचा चुरा जास्त पडतो. मोरी तुंबली काय नि नळ धो धो सुटला काय, न्हाणीघरात पाणी साचणारच. म्हणून यूरिक अ‍ॅसिड आणि क्रिएटिनिन दोन्ही किंचित वर असलेल्या, सांधे न दुखणाऱ्या बाईच्या रिपोर्टवर गाऊटची गोळी लिहिण्याआधी टीएसएच ही थायरॉइडची तपासणी पाहिलेली बरी.