फरक तेवढाच पाठवावा : आरसिंकची जडणघडण

एका संगणकावरील डिरेक्टरी आणि दूरच्या संगणकावरील तिची प्रत एकसारखी राखण्याची गरज संगणकांचे जाळे विणले जाऊ लागले तेव्हापासूनची आहे. 1980 च्या दशकात बर्कले युनिक्समधून आलेली आरसीपी ही आज्ञा फाइल जशीच्या तशी पलीकडे उतरवीत असे. पुढे आलेली आरडिस्ट ही आज्ञा फाइलीचा आकार आणि बदलाची वेळ ताडून शिळ्या प्रती निवडी, परंतु निवडलेली फाइल संपूर्णच पाठवी, त्यामुळे एका ओळीच्या दुरुस्तीसाठीही सगळा मजकूर संथ तारेवरून पुन्हा जात असे.

दोन फाइलींतील फरक काढायचा तर त्या एका जागी हव्यात, आणि एका जागी आणायच्या तर जो खर्च टाळायचा तोच करावा लागतो, ही खरी अडचण होती. तिच्यावर कॅनबरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतील अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी तोड काढली आणि जून 1996 मध्ये आरसिंक ही आज्ञा जाहीर झाली. या पद्धतीत जुनी प्रत बाळगणारा संगणक तिचे ठरावीक लांबीचे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्याचे दोन चेकसम, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेले पडताळा-अंक, पलीकडे कळवतो : एक 32 बिटांचा, झटपट निघणारा पण ढोबळ, दुसरा 128 बिटांचा, वेळखाऊ पण भरवशाचा. तुकडा 700 बाइटचा धरल्यास 7,00,000 बाइटच्या फाइलीचे 1000 तुकडे होतात आणि त्यांचे सारे अंक 20,000 बाइटांत मावतात. नवी प्रत असलेला संगणक आपल्या फाइलीत एकेक बाइट पुढे सरकत जुळणारे तुकडे शोधतो आणि ढोबळ अंक जुळला तरच दुसरा अंक काढतो. मागे पडलेला बाइट वजा करून पुढचा जमेस धरला की ढोबळ अंक नव्याने मिळतो, म्हणून आरंभी एक अक्षर वाढून सारा मजकूर सरकला तरी तुकडे ओळखू येतात आणि न जुळलेला भाग तेवढाच तारेवरून जातो.

आरसिंकची आज्ञा लिहिताना मूळ डिरेक्टरीच्या नावाच्या शेवटी तिरकी रेघ दिली तर केवळ तिच्यातील सामग्री जाते, न दिली तर डिरेक्टरी नावासकट जाते. नावात ‘सिंक’ असले तरी हा व्यवहार एकतर्फी आहे. दोन्हीकडे झालेले बदल तो जुळवून घेत नाही, आणि ‘डिलीट’ हा पर्याय जोडल्यास मूळ ठिकाणी नसलेल्या फाइली पलीकडून पुसल्या जातात. दिशा उलटी दिली गेली, तर रिकामी डिरेक्टरीही तितक्याच चोखपणे पलीकडे उतरते.