‘३१५ बोर’ची कुळकथा

रायपुरात चार वर्षे काढली की हिंदी वर्तमानपत्रातील एक शब्दप्रयोग पाठ होतो : ‘३१५ बोर का कट्टा’. पोलिसांनी कुणाला धरले की त्याच्याजवळ हा कट्टा आणि दोन-चार जिवंत काडतुसे सापडतात. माझा रोजचा संबंध मापांशी, त्यामुळे हा ३१५ चा आकडा आला कुठून, हे कुतूहल मला बरेच दिवस होते. शोध घेत गेलो आणि थेट १८५७ पर्यंत पोहोचलो.

आम्हा रेल्वेवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर ही बरीचशी कथा एकाच लाईनवरची आहे. सियालदहहून राणाघाटकडे जाणारी लोकल पकडावी. दमदम, बराकपूर, इच्छापूर ही तिन्ही स्टेशने तीस किलोमीटरच्या आत लागतात. चरबी लावलेल्या काडतुसांची कुजबुज जानेवारी १८५७ मध्ये दमदमला सुरू झाली. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे यांनी शस्त्र उचलले. उठाव मोडल्यावर इंग्रजांनी एक मोठी चलाखी केली. हिंदी शिपायाला दिसायला एन्फील्डसारखीच, पण आतून गुळगुळीत नळीची बंदूक दिली. नळीतील पेचदार खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. खाचा नसल्या की नेम आणि पल्ला दोन्ही घटतात. म्हणजे बंदूक हातात, पण गोऱ्या शिपायापेक्षा एक पायरी खाली!

पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी इच्छापूरच्या रायफल फॅक्टरीत ‘थ्री नॉट थ्री’ म्हणजे .३०३ ली-एन्फील्ड तयार होऊ लागली. दहा गोळ्यांचे मॅगझिन, झटपट चालणारा बोल्ट, धूळचिखलाला दाद न देणारी बांधणी. दोन्ही महायुद्धांत आपले जवान हीच रायफल घेऊन लढले. मात्र लष्करी काडतूस सामान्य माणसाच्या हाती पडू नये म्हणून १९०७ च्या सुमारास सरकारने खासगी बंदुकांना लष्करी मापांची बंदी केली. मग शिकाऱ्यांनी करायचे काय? ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलचे आठ मिलिमीटरचे काडतूस उपयोगी पडले. आठ मिलिमीटर म्हणजेच .३१५ इंच. .३०३ शी फरक अवघा ०.३ मिलिमीटरचा. रुळांच्या गेजमध्ये एवढ्या फरकाची कोणी दखलही घेणार नाही, पण इथे तेवढ्यावर कायदा सांभाळला गेला. काडतुसाचा आकारही निराळा, त्यामुळे फौजेचे काडतूस त्यात चालण्याचा प्रश्नच नाही.

स्वातंत्र्यानंतर इच्छापूरने हीच वाट धरली. यंत्रणा जुन्या ली-एन्फील्डची, नळी मात्र .३१५ ची. संगीन अडकवायची सोय गेली, पुढचे लाकूड आखूड झाले आणि ‘स्पोर्टिंग रायफल’ तयार झाली. तिची काडतुसे आपल्या पुण्याजवळच्या खडकीला बनत. परवानाधारकाला मिळणारे रायफलचे काडतूस प्रामुख्याने हेच, म्हणून चोरटे कारागीरही कट्टा त्याच मापाचा करतात. बातमीतल्या आकड्याचे उत्तर हे असे आहे.

जगात इतरत्र हा उद्योग अधिक मोकळेपणाने झाला. महायुद्धांनंतर लाखो रायफली भंगाराच्या भावात निघाल्या. इंग्लंडमध्ये पार्कर-हेलसारख्या कंपन्यांनी, अमेरिका-ऑस्ट्रेलियात तर घरोघरच्या हौशी लोकांनी, लाकूड कापून आणि नळी आखूड करून त्यांच्या शिकारी रायफली केल्या. मूळ बनावटीच्या बंदुकांना आज संग्राहक चांगली किंमत देतात. माझ्या मते त्या कापाकापीत अनेक उत्तम यंत्रे फुकट गेली.

आपल्या छत्तीसगडला शिकारीचे कौतुक होते, त्याची किंमतही इथेच मोजली गेली. कोरियाच्या महाराजांनी १९४७ मध्ये मारलेले तीन चित्ते हे देशातील शेवटचे मानले जातात. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीने शिकार जवळजवळ संपलीच. ‘स्पोर्टिंग’ हे नाव तेवढे उरले, परवाने स्वसंरक्षण आणि पिकांच्या राखणीसाठी.

खुद्द थ्री नॉट थ्री मात्र चिवट निघाली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर आरपीएफचे जिल्लू यादव यांनी सहकाऱ्याच्या हातची अशीच रायफल घेऊन अतिरेक्यांवर गोळ्या झाडल्या. समोर एके-४७ होत्या. आम्हा रेल्वे कर्मचाऱ्यांत ती आठवण आजही निघते. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो २०२० मध्ये.

एक गंमत सांगायची राहिली. इंग्रजी अमदानीत इच्छापूरला ली-एन्फील्डची आणखी एक आवृत्ती निघाली, .४१० मस्केट. पोलीस आणि पहारेकऱ्यांसाठी. नळी गुळगुळीत, मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा, एका वेळी एकच गोळी. १८५७ नंतरचीच युक्ती पुन्हा. या मस्केटी पुढे जुना माल म्हणून अमेरिकेत विकल्या गेल्या. तिथल्या लोकांनी काडतुसाची जागा थोडी बदलून घेतली आणि त्यांत छऱ्यांची काडतुसे भरून ते ससे मारू लागले.