फिन्सबरी सेंट्रल : पाच मतांच्या मतदारसंघाची कथा

दादाभाई नौरोजी पाच मतांनी विलायतेच्या पार्लमेंटात गेले, ही गोष्ट आपल्याकडे शाळकरी मुलालाही पाठ असते. परंतु ज्या मतदारसंघाने त्यांना पाठविले, त्या फिन्सबरीचा स्वतःचा इतिहास मात्र फारसा कोणी पाहिलेला नसतो. तो पाहिला म्हणजे लक्षात येते, की हिंदुस्थानचे नाव या भागाने १८९२ मध्ये प्रथम ऐकले असे मुळीच नाही.

लंडन नगरीच्या उत्तरेस लागून असलेल्या फिन्सबरीला पार्लमेंटात दोन जागा मिळाल्या त्या १८३२ च्या सुधारणा कायद्याने. त्या वर्षी निवडून आलेले दोघेही हिंदुस्थानशी निगडित होते. त्यांपैकी रॉबर्ट स्पँकी हे कंपनी सरकारचे बंगालमधील ॲडव्होकेट जनरल होते. दुसरे रॉबर्ट ग्रँट. ज्यू धर्मीयांना इंग्लंडात समान नागरी हक्क मिळावेत म्हणून यांनी पार्लमेंटात विधेयके मांडली. पुढे मुंबईचे गव्हर्नरपद मिळाल्यामुळे त्यांनी फिन्सबरीची जागा सोडली. १८३८ मध्ये पुण्याजवळ दापोडी येथे त्यांचे निधन झाले आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजास त्यांचे नाव मिळाले. फिन्सबरीचा प्रतिनिधी मुंबईत गव्हर्नर म्हणून आला तेव्हा दादाभाई नऊ वर्षांचे मुंबईकर बालक होते. इतिहासाने पुढे हाच प्रवास उलट दिशेने घडवून आणला.

ग्रँट यांच्या रिकाम्या जागी १८३४ मध्ये थॉमस डंकूम आले आणि पुढच्याच वर्षी 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्राचे संस्थापक थॉमस वॅक्ली यांनी स्पँकी यांची जागा घेतली. दोघेही जहाल सुधारक. लक्षावधी सह्यांचा चार्टिस्ट चळवळीचा १८४२ मधील अर्ज पार्लमेंटापुढे मांडला तो या डंकूम यांनीच. क्लर्कनवेलचा परिसर घड्याळे बनविणाऱ्या, सोन्याचांदीचे काम करणाऱ्या कारागिरांचा होता. हातात हुन्नर आणि डोक्यात स्वतंत्र मते असा हा वर्ग. कोणा उमरावाने सांगावे आणि यांनी मत द्यावे, अशी रीत येथे कधी नव्हतीच.

१८८५ मध्ये मतदारसंघांची फेररचना होऊन जुन्या फिन्सबरीचे होबर्न, सेंट्रल आणि ईस्ट असे तीन भाग झाले. प्रत्येकास एक जागा. सेंट्रलची पहिली निवडणूक लिबरल पक्षाच्या हॉवर्ड स्पेन्स्ली यांनी जिंकली. लगेच १८८६ मध्ये आयर्लंडच्या स्वराज्याच्या प्रश्नावर लिबरल पक्ष फुटला, पुन्हा निवडणूक आली आणि हुजूर पक्षाचे फ्रेडरिक पेंटन विजयी झाले. पेंटन २२४५, स्पेन्स्ली २२४०. म्हणजे पाच मतांचा चमत्कार या मतदारसंघात दादाभाईंच्या आधीच एकदा होऊन गेला होता, आणि तोही दादाभाईंनी पुढे ज्यांना हरविले त्याच पेंटन यांच्या बाजूने! लगतचा पेंटनव्हिल हा भाग याच घराण्याच्या नावाने ओळखला जातो. तेव्हा प्रतिस्पर्धी काही ऐरागैरा नव्हता.

त्याच १८८६ साली दादाभाई शेजारच्या होबर्नमधून उभे राहून पराभूत झाले होते. बडोद्याचे दिवाणपद, मुंबईच्या कॉलेजातील अध्यापन, विलायतेतील व्यापार आणि हिंदुस्थानच्या दारिद्र्याची आकडेवारीनिशी केलेली मीमांसा, एवढे सारे त्यांच्या गाठीशी होते. परंतु होबर्नच्या मतदाराला त्याचे काय? १८८८ मध्ये सेंट्रल फिन्सबरीच्या लिबरल कार्यकर्त्यांनी त्यांची निवड केली, तेव्हा पक्षातच वाद माजला. रिचर्ड ईव्ह नामक दुसरे इच्छुक होते आणि हे भांडण निवडणूक तोंडावर येईतो चालले. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला पंतप्रधान लॉर्ड सॉल्झबरी एडिंबरोच्या सभेत बोलले. होबर्नच्या जुन्या लढतीचा उल्लेख करून, एखादा ब्रिटिश मतदारसंघ काळ्या माणसाला निवडून देईल इतकी प्रगती अद्याप झालेली नाही, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. दादाभाईंचा वर्ण स्वतः सॉल्झबरींपेक्षा गोरा आहे, अशी थट्टा वृत्तपत्रांनी केली. त्यांचे अवघड नाव एकाएकी घरोघरी पोहोचले. प्रतिपक्षाने केलेला इतका उपयुक्त प्रचार क्वचितच कोणाच्या वाट्याला आला असेल.

जुलै १८९२ मध्ये निकाल लागला. दादाभाई २९६१, पेंटन २९५६. पेंटन यांनी निवडणुकीविरुद्ध अर्ज केला, तो पुढे मागे घेतला. 'नौरोजी' या नावावर कोटी करून विनोदी इंग्रजांनी त्यांना 'नॅरो मेजॉरिटी' म्हणावयास सुरुवात केली. हिंदी रक्ताचा पहिला सभासद हा मान मात्र काटेकोरपणे पाहता दादाभाईंचा नव्हे. सरधन्याच्या बेगम समरूचा वारस डाइस सोम्बर हा १८४१ मध्ये सडबरीतून निवडून आला होता. पण लाचलुचपतीमुळे त्याची निवड पुढच्याच वर्षी रद्द झाली. पैशाने विकत घेतलेली ती जागा आणि गल्लीबोळांतून दारोदार हिंडून मिळविलेली ही जागा, या दोहोंची एका ओळीत गणना करणे उचित नव्हे.

दादाभाईंनी केवळ तीन वर्षे सभासदत्व भोगले, तरी ती वाया गेली नाहीत. सनदी परीक्षा इंग्लंड व हिंदुस्थान येथे एकाच वेळी घ्याव्यात हा ठराव २ जून १८९३ रोजी हर्बर्ट पॉल यांनी मांडला आणि तो ८४ विरुद्ध ७६ मतांनी संमत झाला. सरकारने तो अमलात आणला नाही हे खरे. त्याच वर्षअखेरीस पार्लमेंटचे विद्यमान सभासद असतानाच दादाभाई लाहोर काँग्रेसचे अध्यक्ष झाले.

१८९५ मध्ये लिबरल पक्षाचा देशभर धुव्वा उडाला, त्यात सेंट्रल फिन्सबरीही गेले. मॅसी-मेनवेअरिंग ३५८८, दादाभाई २७८३. येथे जरा आकड्यांकडे पाहावे. दादाभाईंची मते अवघी १७८ ने घटली होती. हुजूर पक्षाची मात्र ६३२ ने वाढली होती. लोकांनी त्यांना टाकले, हे विधान त्यामुळे तितकेसे खरे ठरत नाही. दादाभाईंना मानणारे बहुतांशी ठिकाणावरच राहिले; प्रतिपक्षाने नवे मतदार बाहेर काढले. त्याच निवडणुकीत मंचेरजी भावनगरी हे पारशी गृहस्थ हुजूर पक्षातर्फे बेथनल ग्रीनमधून निवडून आले, तेव्हा केवळ वर्णाचा मुद्दा पुढे करूनही भागत नाही. दादाभाई मात्र हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनवर बसले, आणि १८९७ मध्ये याच कमिशनपुढे तरुण गोपाळ कृष्ण गोखले यांनी आपली गाजलेली साक्ष दिली.

मॅसी-मेनवेअरिंग १९०० मध्येही टिकले. १९०६ च्या लिबरल लाटेत कामगार संघटनांचे पुढारी स्टेडमन आले. क्लर्कनवेलच्या कारागिरांना शोभेल असाच हा प्रतिनिधी. दादाभाई त्या वर्षी नॉर्थ लॅम्बेथमधून उभे राहून हरले आणि डिसेंबरात कलकत्त्याच्या काँग्रेसचे तिसऱ्यांदा अध्यक्ष झाले. जानेवारी १९१० मध्ये हुजूर पक्षाचे मार्टिन आर्चर-शी यांनी स्टेडमन यांचा पराभव केला. पोस्टल ऑर्डर चोरल्याच्या खोट्या आरोपातून सुटलेला आरमारी शाळेतील प्रसिद्ध कॅडेट हा त्यांचाच सावत्र भाऊ.

दादाभाई ३० जून १९१७ रोजी मुंबईत वारले. पुढच्याच वर्षी नवी मतदारसंघ-रचना अमलात आली. सेंट्रल आणि ईस्ट हे दोन्ही भाग मोडून पुन्हा एकच फिन्सबरी झाले, आणि १९५० मध्ये त्याला शोरडिचची जोड मिळाली. क्लर्कनवेलमध्ये मात्र दादाभाईंच्या नावाचा एक रस्ता आहे, 'नौरोजी स्ट्रीट'.