वेढ्याच्या नकाशाची कुळकथा

देवळाली प्रवराहून राहुरीमार्गे नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला गेलं की भुईकोट सहज सापडतो. नकाशा लागतो तो त्याच्यावर मारा झाला ती जागा शोधायला. ८ ऑगस्ट १८०३ रोजी इंग्रज सेनानी आर्थर वेलस्लीनं शिंद्यांच्या ताब्यातली नगरची पेठ शिड्या लावून घेतली. दुसऱ्या दिवशी त्यानं किल्ल्याभोवतीची जमीन निरखली आणि त्याच रात्री तटापासून सुमारे ४०० यार्डांवर कॅप्टन हाइटलंडच्या माणसांनी चार तोफांचा मोर्चा बांधला. १० तारखेला उजाडताच तोफा सुरू झाल्या. १२ला किल्ला पडला. रातोरात रचलेला असा मोर्चा पुढं कुणाच्या डोळ्यांना दिसणार?

तो दिसतो कागदावर, आणि तोही बहुतेक वेळा शत्रूच्या. आपल्या मोडी कागदांत गडाच्या आतला संसार भरभरून मिळतो: शिबंदी, दारूगोळा, धान्य. तटाबाहेरची जमीन मोजली ती वेढा घालणाऱ्यानं, कारण त्याचा जीव त्या मोजमापावर होता. सतराव्या शतकात फ्रान्सच्या व्होबाँनं वेढ्याला भूमितीची शिस्त लावली. तेव्हापासून खंदक कुठून खणायचा, तोफ किती अंतरावर ठेवायची, हे इंजिनिअर आखून ठेवू लागले.

या नकाशांना पुरातत्त्वाकडे वळवणाऱ्यांत विल्यम रॉय मला सर्वांत मोठा वाटतो. १७४६च्या कलोडनच्या लढाईनंतर स्कॉटलंडचा लष्करी नकाशा करायला तो १७४७पासून डोंगर तुडवत होता. पुढं तिथल्याच रोमन छावण्याही त्यानं मोजल्या. पाणी कुठं, उतार कसा, वाट कुठली, हे सैनिकाच्या नजरेनं पाहिलं म्हणून त्याला जुन्या सैनिकांच्या खुणा ओळखता आल्या. या छावण्यांवरचं त्याचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १७९३मध्ये निघालं.

महाराष्ट्रापुरतं पाहिलं तर १८१७–१९च्या इंग्रज-मराठा युद्धानं असे बरेच कागद मागं ठेवले. व्हॅलेंटाइन ब्लॅकरचा युद्धवृत्तान्त १८२१चा, मद्रास इंजिनिअर्सच्या एडवर्ड लेकची वेढ्यांची रोजनिशी १८२५ची. मालेगावच्या भुईकोटाचा १८१८चा वेढा अभ्यासायचा तर हे कागद टाळून चालत नाही.

आज असा नकाशा स्कॅन करून संगणकावर आजच्या टोपोशीटवर, म्हणजे भूरूप दाखवणाऱ्या नकाशावर, बसवतात. बुरूज, देवळं, जुन्या विहिरी अशा न हललेल्या जागा आधी जुळवायच्या. नदीवर विसंबायचं नाही, तिचं पात्र सरकतं. विजेत्याच्या रेघेवरही डोळे मिटून विश्वास नको. कागदावरचा मोर्चा शेतात नेमका कुठं येतो ते पाहून मगच परवानगीनं जमीन तपासायची, मातीतला गोळा किंवा शिशाची गोळी शोधायची.

हे काम लवकर व्हायला हवं. केंद्र-संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरांत बांधकामाला मनाई असते, त्यापुढच्या २०० मीटरांवर नियंत्रण असतं. हाइटलंडच्या मोर्च्याचे ४०० यार्ड म्हणजे साधारण साडेतीनशे मीटर. तिथवर हा कायदा पोचतच नाही.