अस्सल कोणते? प्लॅस्टिकची मोटार, कामगारांच्या स्वाक्षऱ्या आणि जीर्णोद्धाराचा इतिहास

१/
१२ फेब्रुवारी २०१४ची पहाट. अमेरिकेतील केंटकी राज्यातले बोलिंग ग्रीन हे शहर. तेथील ‘नॅशनल कॉर्व्हेट म्युझियम’च्या एका दालनाची जमीन अकस्मात खचली आणि प्रदर्शनात मांडलेल्या आठ मोटारी सुमारे ३० फूट खोल खड्ड्यात कोसळल्या. इमारतीत त्या वेळी कोणीही नव्हते, म्हणून जीवितहानी टळली. परंतु त्या खड्ड्यातून एक असा प्रश्न वर आला, जो इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःला विचारला पाहिजे. आजचा धागा त्या प्रश्नाविषयी.

२/
आधी खड्ड्याचे कारण. हा सारा प्रदेश चुनखडीच्या खडकाचा. पावसाचे किंचित आम्लधर्मी पाणी हा खडक हळूहळू विरघळवते आणि जमिनीखाली पोकळ्या तयार होतात. जगातील सर्वांत लांब ज्ञात गुहा, मॅमथ केव्ह, याच परिसरात आहे. पोकळीचे छत पातळ होत गेले की एके दिवशी वरची जमीन बसते. संग्रहालयाच्या बाबतीत नेमके हेच घडले.

३/
पडलेल्या आठ मोटारींत एक पांढरी होती, आतून लाल. १९९२ साली तयार झालेली ही दहा लाखावी कॉर्व्हेट. बोलिंग ग्रीनच्या कारखान्यात ती जुळवली जात असताना कामगारांनी तिच्या सुट्या भागांवर आपापल्या स्वाक्षऱ्या केल्या होत्या. बाहेरून त्या दिसत नव्हत्या. आतल्या बाजूंना, आच्छादनांच्या मागे, जिथे ग्राहकाची नजर पोहोचत नाही तिथे त्या होत्या.

४/
रंग पांढराच का? त्यासाठी १९५३ सालात जावे लागते. त्या वर्षीच्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अॅस्टोरिया हॉटेलात जनरल मोटर्सचे ‘मोटोरामा’ प्रदर्शन भरले. हार्ली अर्ल यांच्या नेतृत्वाखाली घडवलेली दोन आसनी शेव्हरोले कॉर्व्हेट तिथे प्रथम लोकांसमोर आली. ३० जून १९५३ रोजी मिशिगनमधील फ्लिंट येथे उत्पादन सुरू झाले. त्या वर्षी फक्त ३०० मोटारी तयार झाल्या. सगळ्या पांढऱ्या, सगळ्यांचा अंतर्भाग लाल. १९९२च्या मोटारीचा रंग हे त्या पहिल्या तुकडीचे स्मरण होते.

५/
या पहिल्या कॉर्व्हेटचे खरे वेगळेपण तिच्या अंगात होते. तिचे बाह्यांग पोलादाचे नव्हते, फायबरग्लासचे होते. म्हणजे काचेचे बारीक तंतू आणि त्यांना बांधून ठेवणारी प्लॅस्टिकची राळ. पोलादी पत्र्याला आकार द्यायचा तर प्रचंड दाबयंत्रे आणि महागडे साचे लागतात, ते घडवण्यात बराच काळ जातो. हजारोंच्या संख्येने विक्री होणार असेल तरच तो खर्च परवडतो. फायबरग्लासचे साचे त्यामानाने स्वस्त आणि लवकर तयार होणारे. खपाची शाश्वती नसलेल्या नव्या मोटारीसाठी हा मार्ग सोयीचा होता. हे भाग बनवण्याचे काम ओहायोतील अॅश्टाब्युला येथील ‘मोल्डेड फायबर ग्लास’ या कंपनीकडे गेले.

६/
या पहिल्या ३०० मोटारींत हातकाम पुष्कळ होते. तंत्र नवे, कामगारांचा हात अजून बसायचा होता. पृष्ठभागावर सूक्ष्म लाटा राहत आणि सांधे पूर्ण लपत नसत. दारांना वर-खाली होणाऱ्या काचा नव्हत्या. त्यांच्या जागी काढता-घालता येणारे पारदर्शक प्लॅस्टिकचे पडदे होते. दाराला बाहेरून मूठही नव्हती. आत हात घालून दार उघडावे लागे. आज या त्रुटी वाटतात. इतिहासकाराच्या दृष्टीने मात्र ही १९५३ सालची साक्ष आहे.

७/
आता थोडे प्लॅस्टिकविषयी. १८६२च्या लंडन प्रदर्शनात अलेक्झांडर पार्क्स यांनी ‘पार्केसाइन’ मांडले. पुढे अमेरिकेत जॉन वेस्ली हायट यांनी सेल्युलॉइड बाजारात आणले. १९०७ साली लिओ बेकलँड यांनी बॅकेलाइट शोधले, हे पहिले पूर्णतः कृत्रिम प्लॅस्टिक. आपल्या जुन्या वाड्यांतील काळे, गोल, खटकन आवाज करणारे विजेचे बटण आठवा. ते बहुधा बॅकेलाइटचेच. उष्णता सोसणारे आणि वीज न वाहू देणारे हे द्रव्य मोटारींच्या विद्युत भागांतही लवकरच शिरले.

८/
‘प्लॅस्टिक कधी नष्ट होत नाही’ हे आपण इतके ऐकतो की ते खरे मानून चालतो. कचरा म्हणून ते दीर्घकाळ उरते हे खरे. पण वस्तू म्हणून ते फार लवकर बिघडते. याचा दाहक पुरावा आपल्या पुण्यातच आहे. जुन्या चित्रपटांच्या फिती सेल्युलोज नायट्रेटच्या, म्हणजे सेल्युलॉइडच्याच कुळातल्या. हे द्रव्य काळानुसार विघटित होते, आम्लवायू सोडते आणि सहज पेट घेते. २००३ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फितींच्या कोठाराला आग लागली आणि भारतीय चित्रपटाच्या आरंभकाळातील अनमोल ठेवा भस्मसात झाला.

९/
मोटारीतील प्लॅस्टिकची गोष्ट इतकी भीषण नाही, पण तत्त्व तेच. डॅशबोर्ड आणि आसनांवरचे व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी. हे द्रव्य मुळात कडक असते. त्याला मऊपणा येतो तो त्यात मिसळलेल्या तेलकट रसायनामुळे. ऊन आणि वर्षे यांच्या माऱ्याने ते रसायन हळूहळू बाहेर पडते. आधी पृष्ठभाग चिकट होतो, मग आकसतो आणि शेवटी तडकतो. आसनांतील पॉलियुरेथेनचा फेस हवेतील दमटपणा आणि प्राणवायू यांमुळे कुजून भुसभुशीत होतो. लोखंडाचा गंज निदान डोळ्यांना दिसतो. प्लॅस्टिकचा क्षय बराच काळ आतल्या आत चालू असतो.

१०/
याचे उत्तम उदाहरण कॉर्व्हेटमध्येच सापडते. १९७३ सालापासून अमेरिकेत मंद गतीची धडक सोसणारे बंपर सक्तीचे झाले. कॉर्व्हेटचा पुढचा चकचकीत धातूचा बंपर गेला आणि त्याजागी लवचीक युरेथेनचे आवरण आले. १९७४ साली मागेही तेच आले, तेही दोन तुकड्यांत, मधोमध उभी शिवण असलेले. पुढच्याच वर्षी मागचे आवरण एकसंध झाले. म्हणजे ती शिवण केवळ एका वर्षाची खूण. परंतु जुने युरेथेन कालांतराने वेडेवाकडे होते, कडक पडते, फुटते. म्हणून अनेक मालकांनी त्याजागी फायबरग्लासची प्रतिकृती बसवली. ती सरळ राहते, दिसायला सुबक असते. पण लवचीक नसते. ज्या गुणासाठी तो भाग जन्माला आला, तोच गुण हरपला.

११/
फायबरग्लासचे स्वतःचे दुखणे निराळे. ते गंजत नाही, पण त्याला तडे जातात. दुरुस्त करणारा तड्याच्या दोन्ही बाजू उतरत्या घासतो आणि काचतंतूंचे थर राळेत भिजवून एकावर एक बसवतो. जुना रंग काढताना तीव्र रसायन वापरले तर ते रंगाबरोबर राळही खाऊ शकते, म्हणून हे काम धीराने करावे लागते. गंमत अशी की खालची पोलादी चौकट गंजत राहते आणि वरचे प्लॅस्टिक उभे असते.

१२/
आता मूळ प्रश्न. जीर्णोद्धार करणाऱ्याने १९५३च्या मोटारीवरील त्या सूक्ष्म लाटा घासून सपाट कराव्यात का? आजच्या साधनांनी पृष्ठभाग आरशासारखा करता येतो. पण तशी मोटार १९५३ साली कधी अस्तित्वातच नव्हती. १९७४ साली स्थापन झालेली ‘नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी’ मोटारींचे परीक्षण करताना एकच कसोटी लावते: मोटार कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा कशी होती? त्यापेक्षा देखणी करणे हा तिथे गुण ठरत नाही.

१३/
हा विचार मोटारींच्या जगात जन्मलेला नाही. १९६४च्या व्हेनिस सनदेने वास्तूंसाठी दोन नियम सांगितले. जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. आणि नवा घातलेला भाग मूळ रचनेशी सुसंगत असावा, पण ओळखू यावा. ऐतिहासिक वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने पुढे ट्युरिन सनद स्वीकारली, तिच्यात हीच दृष्टी वाहनांना लागू केली आहे. मोटार ही आता केवळ मालमत्ता उरली नाही, ती दस्तऐवज ठरली.

१४/
परत खड्ड्याकडे येऊ. आठही मोटारी वर काढल्या गेल्या. ‘ब्लू डेव्हिल’ नावाची २००९ची मोटार तर स्वतःच्या इंजिनावर चालत बाहेर आली. आरंभी सगळ्याच दुरुस्त करण्याचा विचार होता. पण काहींचा पुरता चेंदामेंदा झाला होता. त्यांचे इतके भाग बदलावे लागले असते की मूळ मोटारीचे नावच काय ते उरले असते. शिवाय लोक त्या मोडक्या मोटारी पाहायलाच गर्दी करत होते. अखेर तीन दुरुस्त झाल्या आणि पाच जशाच्या तशा ठेवल्या गेल्या.

१५/
दहा लाखावी मोटार त्या तिघींपैकी एक. जनरल मोटर्सने तिचे काम हाती घेतले. नवे भाग मिळवून मोटार लवकर उभी करता आली असती. पण तसे केल्यास स्वाक्षऱ्या गेल्या असत्या. म्हणून फुटलेले भाग शक्य तिथे जोडून, दुरुस्त करून पुन्हा तेच बसवले गेले. स्वाक्षरी असलेले केवळ दोन भाग वाचवणे अशक्य ठरले. त्यांवरील स्वाक्षऱ्यांची यंत्राने प्रतिमा घेण्यात आली आणि ती नव्या भागांवर उतरवली गेली. सप्टेंबर २०१५ मध्ये मोटार संग्रहालयात परतली.

१६/
त्या दोन स्वाक्षऱ्या अस्सल आहेत का? काटेकोरपणे पाहिले तर नाहीत. त्या प्रती आहेत. त्या कामगाराचा हात या नव्या प्लॅस्टिकला कधी लागला नाही. तरी माझ्या मते हे काम प्रामाणिक आहे, कारण काय वाचले, काय गेले आणि कुठे प्रत लावली हे लपवलेले नाही. प्रत असणे हा दोष नव्हे. प्रतीला मूळ म्हणून खपवणे हा दोष आहे.

१७/
आणि ज्या पाच मोटारींना हात लावला नाही, त्यांचे काय? त्यांच्या फुटलेल्या अंगातून काचतंतू उघडे पडलेले दिसतात. सुबक मोटारीत जे रंगाखाली दडलेले असते, ते इथे वाचता येते. त्या १२ फेब्रुवारीच्या पहाटेच्याही साक्षीदार आहेत. त्या दुरुस्त केल्या असत्या तर मोटारी परत मिळाल्या असत्या, घटना मात्र पुसली गेली असती.

१८/
हे सारे आपल्याला कशासाठी? मोडी कागद पाहिलेल्यांना उत्तर ठाऊक आहे. फाटक्या कागदाला जाणकार संवर्धक पातळ कागदाचा आधार देतो, पण गळालेली अक्षरे स्वतःच्या मनाने लिहीत नाही. मग गावाबाहेरच्या वीरगळावर ऑइलपेंट फासताना आपला हात का थांबत नाही? किल्ल्याच्या चुन्यात बांधलेल्या तटाला सिमेंट का थापले जाते? चुना ओलावा बाहेर सोडतो; कठीण सिमेंट तो कोंडते आणि मग दगडच झिजू लागतो. हेतू भक्तीचा असतो, परिणाम पुरावा पुसण्याचा.

१९/
घरात आजोबांचा रेडिओ, जुना कॅमेरा किंवा स्कूटर असेल तर इतके करा. पिवळे पडलेले बटण फेकू नका. ते ऊन आणि उष्णतेपासून दूर ठेवा. थिनरने पुसू नका. अनेक प्लॅस्टिके त्यात विरघळतात. नवा भाग बसवलाच तर जुना पिशवीत घालून चिठ्ठीसह जपा: काय बदलले, केव्हा, का. दुरुस्तीआधी छायाचित्र घ्या आणि आतली बाजूही पाहा. कोणी सांगावे, तिथेही एखाद्या अनाम कामगाराची खूण असेल.

२०/
राजांची नावे शिलालेखांत कोरलेली असतात, ती वाचायला आपण डोंगर चढतो. कारखान्यातील कामगाराचे नाव प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला शाईने लिहिलेले असते आणि नवा भाग बसवला की ते कचऱ्यात जाते. दहा लाखाव्या मोटारीच्या बाबतीत ते जाऊ दिले नाही, म्हणून ही गोष्ट सांगावीशी वाटली. तुमच्या घरातील जुन्या वस्तूवर अशी एखादी खूण असेल तर खाली अवश्य लिहा. धागा समाप्त.