‘हॉल्ट’, थांबा आणि खोळंबा

‘कम टू अ हॉल्ट’ या इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ ‘चालती गोष्ट थांबणे’ असा सामान्यतः दिला जातो. त्यातील ‘हॉल्ट’ हा शब्द मूळचा जर्मन असून लष्करी हुकूम म्हणून तो इंग्रजीत रूढ झाला. पुढे हा वाक्प्रचार गाडी, कारखाना, वाटाघाटी अशा सर्वांनाच लागू झाला. परंतु थांबणे स्वेच्छेचे की सक्तीचे, हे त्यावरून कळत नाही. मराठीत ‘थांबणे’ हे क्रियापद असेच उभयसाधारण असले, तरी ‘मुक्काम करणे’, ‘तळ देणे’ यांत कर्त्याची इच्छा गृहीत असते, आणि ‘खोळंबणे’, ‘अडकून पडणे’, ‘खीळ बसणे’ यांत ती नसते.

या भेदाचे महत्त्व कर्जत व खालापूर या घाटपायथ्याच्या तालुक्यांच्या इतिहासात विशेष जाणवते. १६६१ साली कारतलबखानाची मोगल फौज कुरवंडे घाटाने कोकणात उतरत असता खालापूर तालुक्यातील उंबरखिंडीच्या अरण्यात शिवाजी महाराजांच्या सैन्याने तिला गाठले. पुढची व मागची वाट रोखली गेल्याने खानास शरण यावे लागले. येथे ‘फौज थांबली’ असे लिहिल्यास अडविणारा वाक्यातून नाहीसा होतो. ‘फौज कोंडली गेली’ असेच म्हणावयास हवे.

लोहमार्गाच्या इतिहासातही हेच दिसते. १८५६ साली आगगाडी खोपोलीपर्यंत आली; परंतु १८६३ साली बोरघाटातील मार्ग खुला होईपर्यंत पुढील प्रवाशांना तेथे उतरून पालखीने, तट्टावर अथवा बैलगाडीने घाट चढावा लागे. हा डोंगराने घडविलेला खोळंबा होता. उलट, सुमारे ३७ फुटांस एक फूट अशा चढावर बळ पुरावे म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या पुष्कळ गाड्यांना कर्जत येथे मागून जादा इंजिने जोडतात. तेथील थांबणे नियोजित असते. तो खोळंबा नव्हे, थांबा होय. अशा थांब्यावाचून घाटातील वाहतूक चालणेच कठीण.

इंग्रजी साधनांतील ‘हॉल्ट’चे भाषांतर करताना, म्हणून, गती कोणी थांबविली, हा प्रश्न इतिहासकाराने प्रथम विचारणे इष्ट ठरते. क्रियापदाची निवड हा येथे केवळ शैलीचा भाग राहत नाही. घटनेचे कर्तृत्व कोणाकडे जाते, याचा निर्णय तीत अंतर्भूत असतो.