सिमेट्री
मुंबईत शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी ‘सिमेट्री’ म्हणूनच ओळखली जाते. शब्द आला इंग्रजीतून, पण मूळ ग्रीक: ‘कोइमेतेरिऑन’, म्हणजे निजण्याची जागा. ग्रीकांकडे ‘नेक्रोपोलिस’, मृतांचं नगर, हा शब्द तयार होता. ख्रिस्ती समाजाने मात्र शयनगृहाचा शब्द उचलला, कारण निजलेला माणूस उठतो. थेस्सलनीकाकरांना लिहिताना संत पौलही मृतांना ‘निजलेले’च म्हणतो. मृत्यूला झोप म्हणणारे कवी त्याच्याआधीही होते. पण त्यांच्या झोपेला बहुधा सकाळ नव्हती.

मला त्याहूनही धीट वाटतो तो रोमच्या भुयारी दफनभूमींत कोरलेला लॅटिन शब्द, ‘देपोझितुस’: ठेव म्हणून सोपवलेला. ठेव परत मिळायची असते. लेकराच्या थडग्यावर हा शब्द कोरणाऱ्या आईबापांचं दुःख काही कमी नव्हतं. पुनरुत्थानाच्या वचनावर त्यांचा भरवसा होता, एवढंच.

तिसऱ्या शतकाच्या आरंभी रोमच्या बिशपने अशाच एका भुयारी सिमेट्रीची व्यवस्था कॅलिस्टस नावाच्या माणसाकडे सोपवली. तिला आजही त्याचंच नाव आहे.